नाल्यापलीकडचा काळा रंग

हेडसरांच्या टेबलावर माझ्या वर्गातल्या पोरांनी काढलेला गावाचा नकाशा पसरलेला होता आणि त्याच्याभोवती अकरा माणसं उभी होती. खुर्च्या होत्या, पण कुणी बसलं नव्हतं. शिपायाने आणलेल्या पाण्याच्या ग्लासांना कुणी हात लावला नव्हता. पंख्याच्या वाऱ्याने नकाशाचा एक कोपरा सारखा उडत होता आणि हेडसर तो पुन्हा पुन्हा पेपरवेटखाली दाबत होते.

“हे कोनं काढलं, तेवढं सांगा,” सगळ्यांच्या पुढे उभे असलेले प्रल्हादभाऊ म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं; ओरडणाऱ्या पालकांना शांत करण्यात माझी हयात गेली आहे. प्रल्हादभाऊ गवंडी होते, आमच्या शाळेच्या नव्या दोन खोल्या त्यांच्याच हातच्या. त्यांची मुलगी सुकेशनी माझ्या नववी ‘अ’मध्ये पहिल्या बाकावर बसायची. कालपासून ती शाळेत आली नव्हती.

नकाशा कुणी काढला ते मला ठाऊक होतं. कुणाच्या सांगण्यावरून काढला तेही ठाऊक होतं. आणि मी गप्प होते.

हे कसं घडलं ते कळायला आमच्याकडचा इंग्रजीचा तास कसा असतो ते आधी सांगायला हवं. बुलढाण्याहून धाडकडे जाणाऱ्या जीपमध्ये मांडीवर डबा आणि डब्यावर वह्यांचा गठ्ठा घेऊन मी वाटेवरच्या एका गावच्या हायस्कूलला जायचे. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील. इंग्रजीच्या तासाला शिक्षक एक ओळ वाचतो, तिचा मराठीत अर्थ सांगतो, फळ्यावर उत्तर लिहितो आणि पोरं ते उतरवून घेतात. परीक्षेत विचारतात, या कवितेची थीम काय. पोरं हुशार. ‘फ्रेंडशिप, करेज, सॅक्रिफाइस’ हे तीन शब्द पाठ करून ठेवतात आणि दिसेल त्या कवितेला लावतात. पावसावरच्या कवितेची थीम सॅक्रिफाइस, असं लिहिलेल्या वह्या मी ढिगाने तपासल्या आहेत. एका वर्षी मला त्याचा इतका राग आला की मी वह्या तशाच परत केल्या आणि ठरवलं, थीम हा शब्दच वर्गात काढायचा नाही.

माझा भाचा सुट्टीत आला होता, तो जाताना एक आठशे पानांचं इंग्रजी पुस्तक विसरून गेला. राजे, जादू, उडणारे प्राणी, लढाया, असलं. नाक मुरडत वाचायला घेतलं आणि दोन दिवस स्वयंपाकाकडे लक्ष नव्हतं. एका मोठ्या शहराची घंटा मुकी झालेली असते. ती वाजली की नदीपलीकडच्या काळ्या देशाचं सैन्य जागच्या जागी थांबतं, पण तिचा लोलक हरवलेला. तो लोलक पाठीवर बांधून घंटा ओतणाऱ्या ओतारी घरातली एक मुलगी डोंगर, जंगलं, नद्या ओलांडत निघते, एवढीच गोष्ट. शनिवारच्या सकाळच्या शाळेत दोन तास मला मोकळे मिळत. त्यात मी हे पुस्तक वाचायला लागले. एक परिच्छेद इंग्रजीत, मग त्यावर बोलणं. आणि एक नियम केला: पात्र अडचणीत सापडलं की पुस्तक मिटायचं. पोरांनी सांगायचं, तू काय केलं असतंस? हात वर करून कौल घ्यायचा आणि मगच पुढचं पान. कौल इंग्रजीत मांडायचा. मोडकंतोडकं चालेल, पण इंग्रजीत.

पोरांनी नायिकेचं नाव ठेवलं घंटावाली. तिचा एक सोबती कैदेतल्या भावाला सोडवायला लोलक शत्रूला विकतो, तिथे मी पुस्तक मिटलं तेव्हा वर्गात अक्षरशः भांडण लागलं. एक जण म्हणाला, चोर आहे, हाकला. त्यावर रेहान उठला. त्याच्या अब्बांचं स्टँडजवळ शिलाईचं दुकान, स्वतः वर्षभर ‘येस मॅडम’च्या पुढे न गेलेला. तो बाकावर हात आपटून ओरडला, “ही नॉट थीफ! ही ब्रदर!” व्याकरणाच्या नावाने बोंब होती, पण त्या दिवशी घरी जाताना जीपमध्ये मी एकटीच हसत होते.

सुकेशनी मात्र वेगळी. ती कौलात क्वचित हात वर करायची. एकदा काळ्या देशाचं सैन्य नदीवर आल्याचं मी वाचत होते. ‘त्यांना नावं नव्हती, घरं नव्हती, आया नव्हत्या, ते अंधारातून आले होते,’ असं काहीसं वाक्य होतं. तिने हात वर केला.

“मॅडम, घंटावालीच्या घोड्यालेही नाव हाये. या लोकायले नावं काऊन नाहीत?”

मी म्हणाले, “अगं, ते शत्रू आहेत. शत्रूंची नावं कुठे लिहीत बसणार?” आणि पुढे वाचायला लागले. चांगला प्रश्न ओळखता येणं हे शिक्षकाचं पहिलं काम. माझ्या समोर तो आला आणि मी त्याला डास हाकलावा तसं हाकललं.

मग नकाशाचा शनिवार आला. परकी गोष्ट आपल्या गावात आणून बसवली की ती डोक्यात पक्की बसते, हा माझा आवडता सिद्धांत. मी सांगितलं, पुस्तकातला सगळा मुलूख आपल्या गावाच्या नकाशावर बसवा. चार-पाच जणांचे गट केले. वैष्णवीच्या हातात चित्रकला होती, रेहानही तिच्याच गटात; तो गट सरस निघणार हे दिसतच होतं. टेकडीवरच्या मारुतीच्या देवळाचं तिने शुभ्र शहर केलं, बाजाराच्या मैदानाचं रणांगण केलं, एसटी स्टँडवर उडते प्राणी उतरवले. मी शेजारून जाताना तिने विचारलं, “मॅडम, काळा देश कुठं काढू?”

मी थांबलेही नाही. म्हणाले, “पुस्तकात नदीपलीकडे आहे ना? मग आपला नाला आहेच. नाल्यापलीकडे काढ. आणि रेहान, तू त्यात काळा रंग भर, जरा दाट.”

जीप मला नाल्याच्या अलीकडे सोडायची. तिथून शाळा पाच मिनिटं. त्या गावात अकरा वर्षं काढून मी नाल्यावरचा पूल एकदाही ओलांडला नव्हता. पलीकडे बौद्ध वस्ती आहे हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. माझ्या वर्गातली सात मुलं तिथूनच यायची. माहीत होतं, पण त्या क्षणी डोक्यात आलं नाही, आणि का आलं नाही हा विचार आजही मला स्वस्थ बसू देत नाही. वैष्णवीलाही पलीकडचं काही माहीत नव्हतं. अलीकडून पाहिलं तर झाडांच्या वर फक्त पाण्याची टाकी दिसते, म्हणून तिने टाकीचाच काळ्या राजाचा किल्ला केला. टाकीच्या पायथ्याशी लाल डोळ्यांची घरं काढली.

टाकीच्या पायथ्याशी सुकेशनीचं घर आहे.

मी त्या नकाशाला दहापैकी दहा दिले. वर्गाच्या भिंतीवर स्वतः टाचण्या मारून लावला. वर त्याचा फोटो काढून शाळेच्या पालक ग्रुपवर टाकला, ‘आमच्या विद्यार्थ्यांची कल्पनाशक्ती पाहा!’ म्हणून. दुपारपर्यंत चाळीसेक अंगठे आले. शिक्षकाला कौतुकाची किती हाव असते ते बाहेरच्यांना कळायचं नाही. मी तो फोटो संध्याकाळपर्यंत दहा वेळा उघडून पाहिला. दहा वेळा पाहूनही मला काही दिसलं नाही.

सोमवारी वस्तीतली सातही मुलं गैरहजर. मी मस्टरवर शून्यं मारली आणि वाटलं, कुणाकडे लग्न असेल. मंगळवारी ती अकरा माणसं आली. कुणीतरी फोटो मोठा करून छापून आणला होता, शेजारी भिंतीवरून काढलेला मूळ नकाशा.

“आमची पोरं इथं शिकाले येतात,” प्रल्हादभाऊ म्हणाले. “अन् तुमी त्यायच्याच घरायले राक्षसाचं घर करून ठेवलं. पोरीनं दोन दिवस झाले, पुस्तकाले हात लावला नाही. कोनं काढलं?”

हेडसर वाईट माणूस नव्हते, पण पेच सोडवताना ते सगळ्यात हलकी वस्तू बाजूला करायचे. वैष्णवीचे वडील शाळा समितीचे अध्यक्ष होते, तेव्हा ते नाव त्यांच्या तोंडून निघणारच नव्हतं. त्यांनी शिपायाला सांगून रेहानला बोलावलं.

“हा काळा रंग तू भरलास?”

“हाव सर.”

“माग माफी.”

रेहानने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. तो वाट पाहत होता. मॅडम आता बोलतील, असं त्याला वाटत होतं आणि त्यात चूक काहीच नव्हती. मी नकाशाच्या उडणाऱ्या कोपऱ्याकडे पाहत राहिले. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. वस्तीतल्या एका तरुणाच्या हातात तक्रारीचा कागद तयार असलेला मला दिसत होता, आणि त्या कागदावर नावाची जागा मोकळी होती. तिथे माझं नाव पडलं असतं. रेहानने दोन क्षण वाट पाहिली. मग हात जोडून तो म्हणाला, “माफ करा.” कशाबद्दल ते त्याला कळलं नव्हतं.

प्रल्हादभाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं. “या लेकराची माफी आमाले नको. मले पोरीचा दाखला द्या.”

त्यांनी खिशातून लिहून आणलेला अर्ज काढला. शाळा सोडल्याचा दाखला. दुसरं हायस्कूल दहा किलोमीटरवर, तिकडे शाळेच्या वेळेची एसटी नाही. दाखला गेला की सुकेशनीचं शिक्षण तिथेच थांबणार, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं, प्रल्हादभाऊंनाही. हेडसर म्हणाले, क्लार्क ट्रेनिंगला गेलाय, गुरुवारी येईल, तेव्हा दाखला मिळेल. त्यांनी अर्ज ट्रेमध्ये ठेवला.

माझ्याकडे दोन दिवस होते.

बुधवारी सकाळी वैष्णवीच्या वडिलांचा फोन आला. “मॅडम, पोरगी लहान हाये. तिचं नाव कुठं येऊ नये. अन् त्या पोरानं माफी मागली ना, मंग झालं. तुमी शांत राहा.” शांत राहणं किती सोपं होतं! मी काहीच करायचं नव्हतं. फक्त तास घ्यायचे, फळा पुसायचा, जीप पकडायची. त्या दिवशी वर्गात रेहान मागच्या बाकावर जाऊन बसला होता. मी त्याला एक साधा प्रश्न विचारला तर तो उठून नुसता उभा राहिला. ‘येस मॅडम’सुद्धा म्हणाला नाही. ते मला सहन झालं नाही. खरं सांगायचं तर धैर्य वगैरे काही नव्हतं; त्या पोराच्या गप्प बसण्याची मला लाज वाटली, इतकंच.

शाळा सुटल्यावर मी स्टँडकडे न वळता पुलाकडे वळले. पुलावर मला कुणी हटकलं नाही. पलीकडे विहार, त्याच्यासमोर झाडलेलं अंगण, ओट्यावर गहू निवडणाऱ्या बाया. त्यांनी मला पाहिलं आणि बोलणं थांबवलं. टाकीखालचं घर विचारायची गरजच पडली नाही.

प्रल्हादभाऊ नुकतेच कामावरून आले होते, हातांना सिमेंट होतं. सुकेशनी दारात उभी. मी उभ्याउभ्याच बोलले, बसले असते तर धीर सुटला असता.

“भाऊ, नकाशात काळा देश नाल्यापलीकडे काढा, असं मी सांगितलं. काळा रंग भरायलाही मीच सांगितलं. पोरांचा दोष नाही. काल मी भ्याले, म्हणून बोलले नाही.”

शेजारची तीन-चार माणसं जवळ आली होती. तक्रारीचा कागद घेऊन आलेला तो तरुणही होता.

“मले मालूम होतं,” सुकेशनी म्हणाली. “मी बाजूच्याच बाकावर होती मॅडम. बाबाले नाही सांगतलं. म्हनलं, तुमी सांगसान.”

इतके दिवस पुस्तक मिटून ही पोर माझी वाट पाहत बसली होती. मला रडू आलं आणि ते आवरताना मी आणखीच वेडीवाकडी दिसले असणार. तिच्या आईने चहा आणला. मी तो प्यायले. प्यायले हे आवर्जून सांगावंसं मला वाटतंय, यातच माझं काय ते दिसून येतं.

प्रल्हादभाऊंनी हात धुतले, सावकाश पुसले. मग म्हणाले, “मॅडम, हे तुमी आमच्या घरात सांगतलं. आमच्या घरात आमाले मालूमच हाये. जिथं दहा मार्क देल्ले, तिथं सांगा.”

“सांगते.”

“मी येतो उद्या. दाखला तर घ्यायचाच हाये.”

गुरुवारी क्लार्क आला. अर्ज त्याच्या टेबलावर होता, दाखल्याचं पुस्तक उघडलेलं. प्रल्हादभाऊ सुकेशनीला घेऊन थेट माझ्या वर्गावर आले. ती आपल्या जागेवर गेली नाही, बापाजवळ दारातच उभी राहिली, दप्तर खांद्याला. मी त्यांना आत बसा म्हणाले. ते शेवटच्या बाकावर, रेहानच्या शेजारी बसले. त्या बुटक्या बाकात त्यांचे गुडघे मावत नव्हते.

मी चाळीस पोरांसमोर सांगितलं. रेहानने माफी मागितली ती माझी होती, हे सांगितलं. वैष्णवी खाली मान घालून रडायला लागली. तिला म्हणाले, रडू नको, तू विचारलं होतंस, चुकीचं उत्तर मी दिलं. रेहानच्या बाकापाशी जाऊन हात जोडले. तो इतका गडबडला की त्यानेही जोडले. मग मी थांबले. मला वाटलं होतं, हे झालं की प्रल्हादभाऊ उठतील. ते उठले नाहीत.

“ते पुस्तक वाचा,” ते म्हणाले. “ज्याच्यातून हे निघालं ते. आमालेही आयकू द्या.”

मी पुस्तक उघडलं. नेमकी नदीवरची लढाई आली होती. इंग्रजी वाक्य वाचलं आणि मराठी करायला घेतलं. ‘पलीकडून आलेल्यांना मारताना कुणाचाही हात थरथरला नाही, कारण त्यांच्यासाठी रडणारं कुणी नव्हतं.’ हेच वाक्य मी घरी वाचलं होतं, तेव्हा पुढे काय होतं म्हणून अधाशासारखं पान उलटलं होतं. आता शेवटच्या बाकावरच्या माणसासमोर ते तोंडातून निघेना. पण मी ते पूर्ण सांगितलं. मग नियमाप्रमाणे पुस्तक मिटलं आणि विचारलं, “तुम्ही काय केलं असतं?”

एकही हात वर झाला नाही. कौलाला हात वर झाला नाही असं त्या वर्गात पहिल्यांदाच घडत होतं.

दारातून सुकेशनी म्हणाली, “मॅडम, हे लिवनारा मानूस कधी नदीच्या पलीकडं गेला होता काय?”

“नसावा,” मी म्हणाले. “तो चुकलाय. मोठं पुस्तक आहे, चांगलंही आहे, पण इथे तो चुकलाय. आणि मी त्याच्या मागे मागे गेले.”

“मंग पुढचं वाचाचं का नाही?”

“तू सांग.”

सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता, आणि मी तिच्या खांद्यावरच्या दप्तराकडे. “वाचू,” ती म्हणाली. “पन जिथं चुकते, तिथं थांबाचं. अन् थे लिवून ठेवाचं.” तिने दप्तर उतरवलं आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली.

तास संपला तेव्हा प्रल्हादभाऊ ऑफिसात गेले. मी मागोमाग. क्लार्कने दाखल्यावर नाव लिहायला सुरुवात केली होती, त्यांनी त्याला थांबवून अर्ज परत मागून घेतला. हेडसरांचा चेहरा खुलला. ते म्हणाले, “वा! मग आता फाडून टाका तो, विषय संपला.”

प्रल्हादभाऊंनी अर्जाची नीट चौकोनी घडी केली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली.

“फाडत नाही सर. दहावी होवस्तोर माझ्यापाशी राहू द्या.” मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, “चालते ना मॅडम?”

मी चालतं म्हणाले. पुढची दीड वर्षं मी त्या वर्गाला त्या कागदाच्या धाकात शिकवलं, आणि तेवढं नीट त्याआधी कधी शिकवलं नव्हतं.